कुरडईचा आलेख

स्पष्टच सांगतो, माकडांशी माझं वैर नाही. माझं वैर कुलपाशी आहे.

शनिवारी सकाळी दहा वाजता आमच्या इमारतीच्या गच्चीला पितळी कुलूप लागलं आणि दारावर कागद चिकटला. "बंदरों के आतंक के कारण छत अगली सूचना तक बंद. छत पर पापड़, चिप्स, कुर्डई आदि सुखाना सख़्त मना है." खाली सचिवांची सही. आता पापड आणि चिप्स कोणीही वाळवतं. पण सरोजिनी नगरातल्या आमच्या या बारा बिऱ्हाडांच्या इमारतीत कुरडई कोण करतं? एकच घर. माझं. फ्लॅट क्रमांक ३०२, धनंजय भोसेकर, मूळ जिल्हा नगर, केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त अकरा वर्षं लखनौ. याला सूचना म्हणत नाहीत. याला नाव-गाव-पत्त्यासकट आरोपपत्र म्हणतात.

घडलं होतं ते इतकंच, की गुरुवारी आमच्या हिने गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या घातल्या. माकडं आली, त्यांनी पापड्या खाल्ल्या. त्यातलं एक जरा जास्त उत्साही माकड पापडी घेऊन सचिवसाहेबांच्या टीव्हीच्या छत्रीवर जाऊन बसलं आणि तिला वजन सोसवलं नाही. छत्रीला. त्यात माझा काय दोष? मी काय माकडाला तिथे बसवायला गेलो होतो?

आता कोणतीही समंजस बाई यावर वाळवणाचा नाद सोडून देईल. वासंतीने शुक्रवारी सकाळी पाच किलो गहू भिजत घातले.

"अगं, काल एवढं झालं ना!" मी म्हणालो.

"ते साबुदाण्याचं झालं. गव्हाचं वेगळं असतं," ती म्हणाली.

हा तर्क मी सव्वीस वर्षं ऐकतोय आणि त्यातली चूक मला अजून दाखवता आलेली नाही.

तर गहू शुक्रवारी भिजले आणि कुलूप शनिवारी लागलं. ज्यांना कुरडईतलं काही कळत नाही त्यांनी नीट ऐका. गहू तीन दिवस भिजणार, रोज पाणी बदलणार, चौथ्या दिवशी म्हणजे सोमवारी वाटून चीक काढणार, तो रात्रभर खाली बसणार आणि मंगळवारी पहाटे गॅसवर हाटून सोऱ्यातून घालायचा म्हणजे घालायचाच. बुधवारी तो आंबतो. फ्रीजमध्ये ठेवा म्हणणारे लोक भेटले मला. त्यांच्याशी मी बोलणं बंद केलंय.

आणि हे सगळं कुणासाठी? आमची नेत्रा कानपूरला दिलेली आहे. तिला सातवा महिना. फोन करून तीन गोष्टी विचारते, तिन्ही हिंदीतून. माझ्या बदल्यांमागे हिंदी मुलखातच वाढली, त्यामुळे मराठी तिला सगळं कळतं, तोंडातून मात्र हिंदीच निघतं. "पापा, तबीयत ठीक? मम्मी ठीक? कुर्डई हो गई?" तिला ना आंबा हवाय, ना चिंच. तळलेली कुरडई हवीय, आमरसाबरोबर, आईच्याच हातची. दुकानातली मागवून पाहिली तर तिला उलटी झाली. मी मनातल्या मनात बरं म्हणालो, तिच्या तब्येतीबद्दल नव्हे, दुकानाबद्दल.

मी सरळ सचिवांकडे गेलो. विजयशंकर श्रीवास्तव, फ्लॅट ३०४. इथे एक गोष्ट सांगायला हवी की लखनौत भांडण करणं फार कष्टाचं काम आहे. नगरला तुम्ही दार वाजवता, समोरचा ओरडतो, तुम्ही ओरडता, दहा मिनिटांत मोकळे. इथे दार उघडणारा माणूस हात जोडून म्हणतो, "आइए आइए, भोसेकर जी, तशरीफ़ रखिए. पहले पानी पीजिए, गुस्सा तो होता रहेगा." पाण्याबरोबर पेठा येतो. पेठा तोंडात असताना माणसाने काय ओरडावं?

तरी मी ओरडलो. पेठा गिळून ओरडलो.

श्रीवास्तवांनी सगळं शांतपणे ऐकलं. हे गृहस्थ छत्तीस वर्षं सांख्यिकी खात्यात काढून निवृत्त झालेले. घरात घड्याळं कमी आणि तक्ते जास्त. ते म्हणाले, "देखिए, हम भावना से नहीं चलते, आँकड़ों से चलते हैं. आप सिद्ध कर दीजिए कि बंदर आपकी कुर्डई से नहीं आते, चाबी आपकी. सोमवार शाम छह बजे यहीं मीटिंग है."

"आँकड़े कहाँ से लाऊँ? बंदरों से फ़ॉर्म भरवाऊँ?"

"ग्रुप है न."

खरंच होता. इमारतीचा व्हॉट्सॲप ग्रुप, नाव 'बंदर अलर्ट – केवल काम की बात'. एक मेपासून रोज कोणी ना कोणी लिहीत होतं: आले, गेले, बनियन नेली, टाकीचं झाकण उघडलं. मधेमधे गुलाबाची फुलं आणि सुप्रभात. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की हे सगळं एक्सेलमध्ये भरून, गाळून, आलेख काढून सोमवारी यांच्या तोंडावर... म्हणजे यांच्यासमोर ठेवीन.

घरी येऊन वासंतीला सांगितलं. ती गव्हाचं पाणी बदलत होती.

"म्हणजे नेमकं काय करणार?"

"सिद्ध करणार."

"बरं. मला कुरडया करायच्यात."

त्याआधी एक सरकारी मार्गही चोखाळून पाहिला, नाही असं नाही. एका कार्यालयात फोन लावला. ते म्हणाले, बंदर वन्य जीव है, जंगलवालों से पूछिए. जंगलवाले म्हणाले, शहर में आ गया तो शहर का हुआ. मी विचारलं, माकड नेमकं कितव्या पायरीवर हद्द ओलांडतं? तर तिकडून विचारणा झाली की एकूण बंदर किती, त्यात बच्चे किती, आणि प्रत्येकाचे दोन फ़ोटो पाठवा, एक सामने से, एक बगल से. मी स्वतः सरकारी नोकर आहे. असले प्रश्न आम्ही कुणाला घालवून द्यायला विचारतो हे मला ठाऊक आहे. फोन ठेवला.

एक्सेल मला कोणी शिकवलेलं नाही. माझं मी शिकलो. ऑफिसात सगळ्यांना ट्रेनिंगला पाठवलं तेव्हा मला मुद्दाम वगळलं, कारण मी त्या महिन्यात साहेबांना खरं बोललो होतो. तेव्हापासून मी एकेक बटण दाबून पाहत शिकलो आणि अशा शिक्षणाचा फायदा असा की माणूस कुणाचं ऐकत नाही. तोटाही तोच.

शनिवारचा उरलेला दिवस आणि रविवारी दुपारपर्यंत मी ग्रुप वाचून ओळी भरल्या. रकाने असे: तारीख, वार, वेळ, फ्लॅट, कळवणाऱ्याचा मोबाइल नंबर, माकडं किती, काय केलं, आणि शेवटी सगळ्यात महत्त्वाचा, 'गच्चीवर वाळवण होतं का' – होय किंवा नाही. एकूण नोंदी भरल्या चारशे बारा. यात न्यायाधीशाचं काम फार. १०३ मधल्या बाई कायम 'पचास बंदर' लिहायच्या. पन्नास माकडं त्यांच्या बाल्कनीत मावणारच नाहीत, मी बाल्कनी पाहिलीय. मी तिथे पाच लिहिलं. एकाने नुसतं 'फिर आ गए' लिहिलं होतं. चौकशी केली तर त्यांचे साडू आले होते. ती ओळ काढली.

तेवढ्यात बातमी जिन्यात पसरली आणि सल्ले सुरू झाले. पहिले आले जयसिंगराव. हे तळमजल्यावर राहतात, साताऱ्याकडचे, वायुदलाच्या बख्शी का तालाब तळावरून निवृत्त झालेले आणि अजून मनाने तिथेच असलेले.

"भोसेकर, दिशा लिहिली का?"

"कसली दिशा?"

"अहो, येण्याची! माकड काय आभाळातून पडतं? कुठल्या बाजूने आलं, किती उंचीवरून आलं, एकटं का टोळीने, हे नको? याच्याशिवाय तुमचा तक्ता म्हणजे धोब्याची वही."

मी दिशेचा रकाना घातला. मग त्यात भरणार काय? ग्रुपवर कोणी 'ईशान्येकडून बंदर' असं लिहीत नाही. जयसिंगरावांनी बसून सगळ्या चारशे बारा ओळींना आठवणीतून दिशा दिली. त्यातल्या तीनशे तरी घटना घडल्या तेव्हा ते झोपलेले होते.

मग आली अनघा. दुसऱ्या मजल्यावरची मुलगी, नागपूरची, मानक नगरला रेल्वेच्या संशोधन संस्थेत इंजिनियर. रूळ तपासते म्हणे. मुलगी चांगली आहे, पण तिला सगळं येतं, आणि सगळं येणारी माणसं मला सहन होत नाहीत.

"काका, आधी मूळ शीटची एक कॉपी ठेवा हं. आणि सॉर्ट करताना सगळा डेटा सिलेक्ट करा, एकच कॉलम नको. मी बसू का दहा मिनिटं?"

"मला येतं," मी म्हणालो.

"अच्छा. फिल्टर लावला की काढायचा विसरू नका फक्त."

"येतं म्हटलं ना."

ती गेली. मी फ्लॅटचा एकच रकाना सिलेक्ट केला आणि क्रमाने लावायला सांगितला. यंत्राने नम्रपणे विचारलं की शेजारचे रकानेही सोबत घेऊ का. दोन दिवस ज्याला त्याला सल्ला द्यायचा होता, त्यात आता यंत्राचीही भर! मी म्हणालो नाही. त्याने आज्ञाधारकपणे फ्लॅटचे आकडे क्रमाने लावले आणि बाकी सगळं होतं तिथेच ठेवलं.

कोणाची घटना कोणाच्या घरात गेली याला सुमार राहिला नाही. जयसिंगरावांची बनियन श्रीवास्तवांच्या घरून चोरीला गेली होती. सहा महिने बंद असलेल्या १०१ मधून माकडांनी गरम पराठा पळवला होता. आणि ज्या १०३ च्या बाईंना पन्नास माकडं दिसायची, त्यांच्या घरी 'फक्त एक, शांत बसून गेले' अशी नोंद उगवली होती. मी तेवीस वेळा मागे जाण्याचं बटण दाबलं. बाविसाव्या वेळेला लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी चाळीस मिनिटं चालते आणि नशिबाने मी तेविसावं बटण वेळेत दाबलं. वासंती तेव्हा म्हणाली, "अनघाला बोलावू का?" मी लॅपटॉप दुसरीकडे फिरवला. काही प्रश्न अपमान म्हणूनच विचारलेले असतात.

मग आलेख. सगळं सिलेक्ट केलं, चार्ट म्हटलं, चार्ट आला. त्यात आकाशाला भिडणारे प्रचंड खांब आणि खाली जमिनीलगत काहीच नाही. मी दहा मिनिटं अभिमानाने पाहत राहिलो की केवढी ही माकडं. मग लक्षात आलं की ते मोबाइल नंबर होते. नऊशे-नऊशे कोटींच्या शेजारी बिचारी पाच माकडं दिसणार कशी? नंबरांचा रकाना वगळून पुन्हा काढला. आता बरा आला. गोलाकार चार्टही काढून पाहिला, पण त्याला चारशे बारा फोडी पडल्या.

आता मुख्य मुद्दा. गाळणं. वाळवण 'होय' असलेल्या ओळी निघाल्या एकतीस, 'नाही' असलेल्या तीनशे एक्याऐंशी. मी मांडी ठोकली. तीनशे एक्याऐंशी वेळा माकडं कुरडई-पापडीशिवाय आली होती! जिंकलो! पण श्रीवास्तव सांख्यिकीचा माणूस. तो सरासरी काढणार. वाळवण होतं किती दिवस? छत्तीसपैकी दोन, मेमधला एक आणि हा गुरुवार. म्हणजे त्या दोन दिवसांत रोज साडेपंधरा वेळा माकडं, आणि एरवी रोज अकरा वेळा. मी बराच वेळ त्या साडेपंधराकडे पाहत बसलो. मग 'होय'समोरची खूण काढली. एकतीस ओळी गायब झाल्या. इतक्या शांतपणे गायब झाल्या, की त्या कधी नव्हत्याच असं मलाही वाटायला लागलं.

हे मी लपवून सांगत नाही. केलं ते केलं. सातवा महिना लागलेली मुलगी फोनवर कुरडई मागत असताना तुम्ही काय केलं असतं ते आधी स्वतःला विचारा आणि मग मला नावं ठेवा.

सोमवारी सकाळी वासंतीने गहू वाटले. चावी मिळालेली नव्हती, मिळण्याची खात्री नव्हती, तरी वाटले. मी म्हणालो, "अगं, मीटिंगचं काय होतं ते तरी बघू." ती म्हणाली, "तुम्ही बघा. गव्हाला मीटिंग कळत नाही. गच्ची नाही मिळाली तर श्रीवास्तवांच्या पलंगावर वाळवीन." पांढराशुभ्र चीक मोठ्या पातेल्यात बसायला ठेवून ती माझ्याबरोबर मीटिंगला आली.

मीटिंगला आठ घरांतली माणसं. समोसे. श्रीवास्तवांच्या मोठ्या टीव्हीला अनघाने माझा लॅपटॉप जोडून दिला, कारण ती तार मला... ती तार खराब होती. आतल्या खोलीचं दार उघडं, तिथे पलंगावर श्रीवास्तवांच्या आई, अम्माजी. वय अठ्ठ्याऐंशी. कान शाबूत.

मी उभा राहून बोललो. आलेख दाखवला. तीनशे एक्याऐंशी घटना, एकाही वेळी गच्चीवर कुरडई नाही. "तो फिर कुर्डई का नाम नोटिस में किस हिसाब से?" मी विचारलं. खोलीत कुजबुज झाली. जयसिंगरावांनी टाळी वाजवली. वासंतीने पदर सारखा केला, म्हणजे तिलाही बरं वाटलं.

श्रीवास्तवांनी चष्मा पुसला. "वाह. बहुत मेहनत की है आपने. ज़रा असली तालिका दिखाइएगा? चार्ट तो दुल्हन का घूँघट है."

मी तक्ता उघडला. ते हळूहळू खाली जात राहिले. मग थांबले.

"भोसेकर जी, दो सौ बारह के बाद सीधे दो सौ उनतीस? बीच के सोलह कहाँ गए?"

डावीकडचे ओळींचे नंबर निळे झाले होते आणि उड्या मारत होते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे अनघाने सांगितलं होतं, पण पूर्ण सांगू दिलं नव्हतं.

मी घाबरणारा माणूस नाही. पकडला गेल्यावर तर मुळीच नाही. "छुपाए हैं," मी म्हणालो. "एकतीस हैं कुल. मैंने छुपाए हैं."

"अहो!" वासंती म्हणाली.

श्रीवास्तवांनी फिल्टर काढला. एकतीस ओळी जशा गेल्या होत्या तशाच शांतपणे परत आल्या, आणि त्यांनी त्या एकेक करून मोठ्याने वाचल्या. रागाने नाही, तेच वाईट. एखादी ग़ज़ल वाचावी तशा वाचल्या. "तीन सौ इक्यानवे. समय ग्यारह बीस. बंदर एक. एक हाथ में पापड़ी, दूसरे में सचिव महोदय की छतरी." वाहवा झाली. मी खुर्चीवर बसलो. समोसा हातात घेतला, खाल्ला नाही. माझ्या डोळ्यांसमोर पातेल्यातला चीक होता. आणि नेत्राचा फोन.

"औसत निकालते हैं," श्रीवास्तव म्हणाले आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढला. या माणसाला निवृत्तीनंतर सहा वर्षांनी तक्ता मिळाला होता. त्यांची बोटं एकदाही चुकत नव्हती. "पहले दिन के हिसाब से छाँट लेते हैं, कि सामान्य दिन कैसा होता है." वाराच्या रकान्यावर फिल्टर. सोमवार: त्रेसष्ट नोंदी. मग सोमवारची खूण काढून मंगळवारला लावली.

पडद्यावर तीन ओळी.

पाच मंगळवार, आणि सगळ्या मिळून तीन नोंदी.

श्रीवास्तवांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ये भी आपने...?"

"नहीं! बेटी की क़सम, ये मैंने नहीं छुपाए!"

अनघा उठून पाहून आली. "काका खरं बोलतायत. दुसरा कुठलाच फिल्टर नाहीये. और टाइम देखिए अंकल, तीनों सुबह सात से पहले के हैं. सात के बाद मंगल को एक भी बंदर नहीं."

"मंगल को बंदर जाते कहाँ हैं?" १०३ च्या बाईंनी विचारलं.

आतल्या खोलीतून आवाज आला. "भंडारे में, और कहाँ. बड़ा मंगल है. मंगल को घर में खाता कौन है?"

तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. ज्येष्ठातला मंगळवार म्हणजे लखनौत बडा मंगल. हनुमानाच्या नावाने चौकाचौकात भंडारा: पूरी, आलूची भाजी, बुंदी, सरबत. यंदा अधिक महिना आल्यामुळे असे आठ मंगळवार. मी स्वतः पाचही मंगळवारी ऑफिसला जाताना कानपूर रोडवर उभा राहून पुऱ्या खाल्ल्या होत्या आणि शेजारच्या भिंतीवर पत्रावळी चाटत बसलेल्या आमच्याच इमारतीच्या माकडांना ओळखलं नव्हतं! छत्तीस दिवस आम्ही बारा घरांनी मिळून माकडं मोजली, कोणती दिशा तेही लिहिलं, पण ती कोणत्या दिवशी नव्हती हे एकालाही दिसलं नाही. नसलेल्या गोष्टीचा मेसेज कोण टाकतो?

"कल मंगल है," वासंती हळूच म्हणाली. मीटिंगमध्ये तिने उच्चारलेलं हे एकमेव वाक्य, आणि ठरावाला तेवढं पुरलं.

ठराव असा: उद्या मंगळवारी सकाळी साडेसात ते चार गच्ची प्रायोगिक तत्त्वावर उघडेल. देखरेख सचिवांची. नोंदवही सचिवांची. शून्य घटना घडल्यास उरलेले दोन्ही बडे मंगल गच्ची सगळ्यांना खुली. एक जरी घटना घडली, तर कुलूप थेट दिवाळीपर्यंत.

मंगळवारी पहाटे पाचपासून मी चीक हाटत होतो. हे काम बायकांचं म्हणणाऱ्यांनी एकदा पाच किलोचा चीक हाटून पाहावा, खांदा निखळतो. साडेसातला चावी फिरली. जुनी धुतलेली धोतरं अंथरली, आणि वासंतीने सोऱ्यातून पहिली कुरडई घातली. पांढरी, ओली, नक्षीदार. मग सरळ रांगा. नऊपर्यंत दीडशे झाल्या. तोवर बाकीच्या बायकाही आल्या: १०३ वाल्यांच्या आलूच्या चिप्स, कुणाचे पापड, कुणाच्या मूगवड्या. ज्यांना शनिवारपर्यंत कुरडई हा गुन्हा वाटत होता, त्या आता वासंतीला विचारत होत्या, "भाभी जी, ये फूल जैसा बनता कैसे है?" वासंती सांगत होती. तिचं हिंदी भयंकर आहे, पण हातात सोऱ्या असला की तिला भाषा लागत नाही.

श्रीवास्तव छत्री उघडून खुर्चीवर, मांडीवर वही. जयसिंगराव ईशान्य कोपऱ्यात दुर्बिणीसह. लांबून भंडाऱ्याचे भोंगे आणि पुऱ्यांचा वास. नऊ: शून्य. अकरा: शून्य. एक: शून्य. लखनौचं जूनचं ऊन असं, की कुरडयांच्या कडा टणक होत चाललेल्या कानाला ऐकू येतील. अम्माजींनी हट्ट धरला म्हणून त्यांना दोघांनी धरून वर आणलं, टाकीच्या सावलीत बसवलं.

अडीच वाजता ती आली.

एक म्हातारी माकडीण. मागचा एक पाय आखडलेला. तिला भंडाऱ्यापर्यंत जाववलं नसावं. कठड्यावरून सावकाश चालत आली, आणि गच्चीवरची पंधरा माणसं जागच्या जागी थिजली. जयसिंगरावांनी नुसतं पुटपुटून "नैऋत्य" म्हटलं. तिने चिप्सकडे पाहिलं, पापडांकडे पाहिलं आणि आमच्या रांगेतली कडेची एक कुरडई उचलली. उलटसुलट फिरवून पाहिली. मग बसून, घाई न करता, संपूर्ण खाल्ली. श्रीवास्तवांकडे एकदा पाहिलं आणि आली तशी निघून गेली.

श्रीवास्तवांनी पेनाला टोपण लावलं आणि मला जवळ बोलावलं.

"भोसेकर जी," ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "एक से औसत नहीं बिगड़ता. ऐसी इक्का-दुक्का एंट्री को सांख्यिकी में छोड़ भी देते हैं. मैं नहीं लिखता."

हे त्यांनी माझ्यासाठी केलं होतं, हे मला कळलं. मागे बायका उभ्या होत्या, त्यांच्या पुढच्या दोन मंगळवारांचे पापड त्या वहीत अडकले होते. वासंती डोळ्यांनी सांगत होती, गप्प बसा. आणि मी गप्प बसलो असतो. पण काल एकतीस ओळी भर सभेत वाचून दाखवल्या गेल्या होत्या, अंगाची आग अजून गेली नव्हती.

"नहीं साहब. लिखिए," मी म्हणालो. "समय ढाई. बंदर एक. कुर्डई एक. अब मैं एक लाइन नहीं छुपाऊँगा, और आपको भी नहीं छुपाने दूँगा."

"अहो, काय हे!" वासंती म्हणाली.

"भाई साहब, हमारे चिप्स!" १०३ म्हणाल्या.

श्रीवास्तवांनी नाइलाजाने पेन उघडलं. 'घटना' या रकान्यावर टोक टेकलं, तेवढ्यात टाकीच्या सावलीतून अम्माजी म्हणाल्या, "क्या लिख रहा है?"

"नुकसान लिख रहा हूँ, अम्मा. एक कुर्डई."

"मंगल के दिन बंदर ने अपने हाथ से उठाकर खाया, तो नुकसान कैसे हुआ रे? वो तो भोग लगा. छत्तीस साल नौकरी की, इतना नहीं सिखाया तेरे दफ़्तर ने?"

श्रीवास्तवांनी आईकडे पाहिलं. वहीकडे पाहिलं. मग खिशातून पट्टी काढली, उजव्या कडेला एक सरळ उभी रेघ मारली आणि वर सुंदर अक्षरांत नव्या रकान्याचं नाव लिहिलं: भोग. त्याखाली एक. घटनेच्या रकान्यात शून्य. खाली सही, तारीख, वेळ.

मी सांख्यिकी शिकलेलो नाही, पण त्या वहीत काहीही लपवलेलं नव्हतं, हे मी कुठल्याही सभेत उभं राहून सांगायला तयार आहे.

चार वाजता एकशे एकोणपन्नास कुरडया खाली आणल्या, उरलेला ओलावा पंख्याखाली गेला. गुरुवारी अर्धा डबा कानपूरला पोचला आणि त्या दुपारी नेत्राचा फोन आला. पलीकडून आधी फक्त कुरुमकुरुम ऐकू आलं. बराच वेळ. मग, "पापा, मम्मी को बोलो, वैसी ही है."

माझ्या फाइलीतही मी भोगाचा रकाना घातलाय. अनघाला बाजूला बसवून घातला, सगळा डेटा सिलेक्ट करून. त्याचा आलेखही काढला. एकच खांब येतो, एकाच उंचीचा. पण मोबाइल नंबर नाहीये तो, याची मी दोनदा खात्री केलीय.